माईक सोडल्यावर

कोयना एक्सप्रेसनं नीरा सोडलं होतं आणि गाडी लोणंदच्या दिशेनं रेंगाळत चालली होती. डब्यात दुपारची पेंग. भेळवाला आला, तसा मागच्या बाकावरून एक आवाज आला, "कांदा कमी. आणि कोथिंबीर ताजी असली तर... तरच घाला." मी हातातलं पुस्तक मिटलं. हे 'तरच' माझ्या ओळखीचं होतं. 'असली तर' म्हणून थोडं थांबायचं, मग स्वतःशीच काहीतरी ठरवल्यासारखं 'तरच' म्हणायचं. "सिग्नल नीट वाचत असाल तर... तरच पुढं बोलतो." कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी सेटवर, चाळीस मीटरच्या लहरींवर मी हे ऐकत आलेय. पण खात्री होईना, कारण हा आवाज फारच जाड होता. आमच्या सेटवरून जाणारा आवाज दोन्हीकडून छाटलेला असतो. तीनशे हर्ट्झच्या खालचं काही जात नाही आणि पावणेतीन हजारांच्या वरचंही नाही. शब्द समजायला तेवढं पुरतं, पण माणसाच्या छातीतून येणारा खर्ज मागेच राहतो. मिरजेच्या सरांचा खर्ज मी कधी ऐकलेलाच नव्हता.

मान न वळवता, खिडकीबाहेर बघत, मी त्यांच्या कॉल साइनची, म्हणजे लायसनबरोबर मिळणाऱ्या रेडिओवरच्या नावाची, शेवटची तीन अक्षरं आमच्या पद्धतीनं, अल्फा-ब्राव्होच्या भाषेत, हळूच उच्चारली. मागं भेळेचा कुरकुर आवाज थांबला. मग निव्वळ सवयीनं उत्तर आलं, "गो अहेड."

वळून पाहिलं तर ठेंगणे, टक्कल पडलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं अडकवलेले एक गृहस्थ हातात भेळेचा कागद धरून बसले होते. माझ्या डोक्यातले सर उंच होते, सडपातळ होते आणि का कोण जाणे त्यांना मिशा होत्या. त्यांनीही माझं काहीतरी चित्र काढलेलं असणार. "तुम्ही इतक्या..." असं म्हणून ते थांबले. पुढचं मी विचारलं नाही. त्यानंतरची पाच-सात मिनिटं फार अवघड गेली. आम्ही दोघं एकदम बोलायला लागायचो आणि एकदम थांबायचो. "बोला बोला." "नाही, तुम्ही बोला." मग दोघंही गप्प. एअरवर असं कधीच होत नाही. त्यांचं बोलणं संपतं, ते 'ओव्हर' म्हणतात, अर्धा सेकंद नुसती खरखर येते आणि मी बटण दाबते. इथं कुणी ओव्हर म्हणत नव्हतं, त्यामुळे आपली पाळी कधी येते तेच कळेना.

कोंडी फोडली ती खिडकीशी बसलेल्या त्यांच्या मिसेसनी. "या पुण्याच्या वायएल ना?" त्यांनी सरांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मला म्हणाल्या, "आईचा गुडघा कसा आहे आता?" मी चाट पडले. वायएल म्हणजे यंग लेडी. हॅममध्ये सगळ्या बायकांना हेच म्हणतात, मग वय काहीही असो. पण हा शब्द आणि आईचा गुडघा यांना कसा ठाऊक? तर त्या दर रविवारी ऐकतात. सरांचा सेट स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आहे आणि सरांना हेडफोन आवडत नाही. त्या भाजी निवडत बसतात आणि सगळा नेट, म्हणजे रविवारी एअरवर भरणारा आमचा अड्डा, ऐकतात. फोंड्याच्या डॉक्टरांना बोलता बोलता खोकला येतो, निपाणीच्या घरात कुत्रा आहे, नाशिककरांचा अँटेना दर पावसाळ्यात पडतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. गुडघ्यासाठी निरगुडीचं तेल सांगा म्हणून त्यांनी सरांना तेव्हाच बजावलं होतं. "पण हे म्हणाले, औषधपाण्याचं एअरवर बोलायचं नसतं." त्या मला इतकी वर्षं ओळखत होत्या आणि त्या आहेत हेच मला माहीत नव्हतं. अंगावर जरा काटाच आला. मी आजवर काय काय बोलले असेन, याचा मनात भराभर हिशेब सुरू झाला.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही लोक कधी हसत नाही का हो?"

मला प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, "कुणी काही गमतीचं बोललं की हे इकडं हसतात. पण बटण सोडलेलं असतं ना! हसून झालं की बटण दाबतात आणि आवाज सरळ करून 'रॉजर रॉजर' म्हणतात. तुमचंही तसंच होत असणार. म्हणून मला वाटायचं, काय ही गंभीर माणसं." यावर सर हसले. बारीक, तुटक, खांदे उडवत हसले. एवढ्या वर्षांत हे हसू मी पहिल्यांदा ऐकत होते.

सांगलीला मी उतरले. ते दोघं मिरजेला गेले. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. खरंच आहे. एका वेळी एकानंच बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी ही व्यवस्था. समोरचा विनोद करतो तेव्हा बटण त्याच्या अंगठ्याखाली असतं. तुम्ही तुमच्या खोलीत एकट्यानं हसता. तुमची पाळी येईपर्यंत हसू विरून गेलेलं असतं. मोर्सवाल्यांनी, म्हणजे डिट आणि डा अशा छोट्या-लांब ठोक्यांत बोलणाऱ्यांनी, यावर जुना उपाय काढून ठेवलाय. हसू आलं की चार डिट, मग दोन डिट, म्हणजे एच आणि आय. हसलो, अशी पोच द्यायची. आवाजावर बोलणारे काहीजणसुद्धा तोंडानं 'हाय हाय' म्हणतात, अगदी कोरड्या आवाजात. मी स्वतः हजारदा म्हटलं असेल. तेव्हा त्यात काही विचित्र आहे असं वाटलं नव्हतं.

मला या वेडात ओढलं सांगलीच्या आमच्या गल्लीतल्या काकांनी. तारखात्यातून निवृत्त झालेले. अंगणात पेरूचं झाड होतं आणि त्याच्या फांदीवरून पलीकडच्या भिंतीपर्यंत तांब्याची तार. लहानपणी ती कपडे वाळत घालायची तार वाटायची आणि तिच्यावर कधीच कपडे का नसतात, असा प्रश्न पडायचा. त्यांच्या खोलीत शिरलं की राळ आणि तापलेल्या धुळीचा एक मिश्र वास यायचा. डिस्पोजलमधून आणलेला लष्करी रिसीव्हर होता. त्याची चकती फिरवायला लागलं की त्यातून शिट्ट्या, गुरगुर, लांबवर चाललेलं कुणाचं तरी बोलणं, पुन्हा शिट्टी. मला त्या आवाजातली माणसं नको होती, शिट्टीच आवडायची. काकांनी ते ओळखलं असावं. "आधी सहा महिने फक्त ऐकायचं," असा त्यांचा नियम होता. बोलायची घाई असलेल्या पोरांना ते दारातूनच परत पाठवायचे. राजीव गांधींचा कॉल साइन व्हीयूटूआरजी होता हे प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, आणि सांगताना आवाज असा, की जणू यांनीच तो दिला.

मोर्स त्यांनी मला कागदावर कधी शिकवला नाही. ठिपके आणि रेघा मोजायला लागलीस की संपलीस, म्हणायचे. कान तयार व्हायला हवा. 'डा डिट डा डिट, डा डा डिट डा' हे सीक्यू, म्हणजे 'कुणीही ऐकत असाल तर या'. त्याची चाल एकदा डोक्यात बसली की ती बसमध्ये, पंख्याच्या घरघरीत, शेजारच्या मुसळात ऐकू यायला लागते. तेव्हा लायसनच्या सेकंड ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला पाच शब्द घ्यावे आणि द्यावे लागत. आता रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही आणि ते बरंच झालं. तरी काकांच्या पितळी कीचा, म्हणजे मोर्स वाजवायच्या कळीचा, जो खडखडाट मनगटात उतरायचा, तो नव्या मुलांच्या वाट्याला येत नाही याची मला थोडी चुटपुट लागते. 2013 च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा टीव्हीवर दिवसभर रडवेलं संगीत लावून बातम्या चालल्या होत्या. मी काकांना फोन केला. ते चिडलेलेच होते. "तारखात्यानं मोर्स कधीच सोडला होता, टेलिप्रिंटर आले तेव्हाच. हे आज रडतायत. मोर्स कुठं मेलाय? काल रात्रीच एका रशियनाशी बोललोय."

परीक्षा पास झाल्यावर लायसन यायला किती काळ लागला ते आठवायची इच्छा नाही. मधेच चौकशीसाठी एक हवालदार घरी आले होते. आईनं चहा केला. त्यांनी वायरलेस कशाला पाहिजे असं विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे अनोळखी माणसांशी गप्पा मारायला?" आई माझ्याकडे बघायला लागली. या छंदाची इतकी अचूक व्याख्या मी नंतर कुणाकडूनही ऐकली नाही.

पहिला सेट मी विकत घेतला नाही, परवडण्यासारखं नव्हतंच. बरीच वर्षं काकांच्या सेटवर आणि इकडून-तिकडून मागून आणलेल्यांवर भागवलं. मग बिटेक्स आला. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी, म्हणजे व्हीयूटूईएसई यांनी, असा एक ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा सेट, आखला की त्याचे सुटे भाग टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळावेत, आणि तो आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. परदेशी मासिकांतल्या सर्किटमधले भाग इथं मिळायचे नाहीत, ही आमची जुनी रड होती. फरहाननी ती एका फटक्यात मिटवली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. बँक सुटली की बुधवारातल्या तपकीर गल्लीत जायचं आणि काउंटरवरच्या मुलाला भागांचे नंबर सांगायचे. तो आधी माझ्या मागं कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचा. नंतर नंतर मला बघितल्यावर आपणहून ट्रान्झिस्टरचा डबा काढायला लागला. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून महिनोन्‌महिने डाग देत बसले. कॉइल गुंडाळताना वेढे मोजायचे आणि नेमका तेव्हाच घरातला कुणीतरी काहीतरी विचारणार, मग पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण झाल्यावर त्यातून जेमतेम सहा वॅट निघाले. झिरोचा बल्बसुद्धा याच्यापेक्षा जास्त वीज खातो. एवढ्यात माझा आवाज कोलंबोपर्यंत गेला.

अँटेनाची कथा वेगळीच. चाळीस मीटरच्या डायपोलला सुमारे वीस मीटर तार लागते. सोसायटीच्या गच्चीवर ती सरळ मावत नाही, म्हणून पाण्याच्या टाकीवर मधला भाग उंच बांधून दोन्ही बाजू उतरत्या सोडल्या. सेक्रेटरींनी लगेच नोटीस लावली. मग एका घरात मिक्सर बिघडला, दुसऱ्या घरात मुलाला ताप आला, तिसऱ्याचा डिश अँटेना वाऱ्यानं फिरला. सगळ्याला माझी तार जबाबदार. मी प्रत्येकाला घरी बोलावलं, सेट दाखवला, चहा दिला. त्यातले एक आजोबा आता दर रविवारी येऊन बसतात. ते बोलत नाहीत, ऐकतात. मिरजेच्या बाईंची गोष्ट कळल्यापासून मी त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघते.

ती बुटकी, उतरती तार लांब जायला वाईट, पण मिरजेला पोचायला उत्तम आहे. सकाळच्या वेळी चाळीस मीटरची लहर अशा तारेतून जवळजवळ सरळ वर जाते. तिथं, साधारण तीनशे किलोमीटरवर, आयनांचा थर असतो. तिथून ती खाली येते आणि आजूबाजूच्या चार-पाचशे किलोमीटरच्या पट्ट्यात सगळीकडे पसरते. म्हणजे मी पुण्यात "नमस्कार" म्हटलं की ते आधी जवळपास अंतराळ स्थानकाच्या उंचीपर्यंत चढतं आणि मग मिरजेच्या स्वयंपाकघरात भाजीवर उतरतं. कोयना एक्सप्रेस जेवढं अंतर आडवं कापते, त्याच्या दुपटीहून जास्त हा शब्द उभा-आडवा फिरून येतो. आणि तरी वेळ काहीच लागत नाही. सूर्य मावळला की खालचा, आवाज खाणारा थर विरतो आणि तोच बँड लांबचा होतो. मग मिरज खरखरीत बुडते आणि इंडोनेशिया ऐकू यायला लागतं. मला हे सगळं समजतं, परीक्षेत याची उत्तरं लिहिलीत. तरी संध्याकाळी एखादा बारीक आवाज खरखरीतून वर येतो तेव्हा अजून पोटात काहीतरी हलतं.

तिथं बोलतो काय, हा प्रश्न सगळे विचारतात. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. आणि ते कायद्यानंच. राजकारण बोलायचं नाही, धर्म नाही, धंदा नाही. कुणाचा निरोप तिसऱ्याला पोचवायचा नाही. सांकेतिक भाषा नाही, म्हणजे गुपितंही नाहीत. जगातला कुणीही रिसीव्हर लावून ऐकू शकतो हे गृहीत धरूनच बोलायचं. उरलं काय? हवा, सिग्नल, अँटेना, सेट, तब्येत, आणि घरासमोरचं झाड. सुरुवातीला मला हे फार तोकडं वाटे. पाच-नऊ रिपोर्ट, म्हणजे तुमचा आवाज स्पष्ट आणि जोरात येतोय, इथं तापमान चौतीस, माझा सेट अमुक, अँटेना तमुक, सेव्हन्टी थ्री, म्हणजे शुभेच्छा. झालं. पण तेच तेच वर्षानुवर्षं बोललं की त्यातच सगळं यायला लागतं. निपाणीचे एक गृहस्थ तंबाखूचं पीक कसं आहे ते कधी थेट सांगत नाहीत, न जाणो धंद्याचं बोलणं व्हायचं. ते म्हणतात, "यंदा आमच्याकडं वारा बरा आहे." सगळ्यांना कळतं. फोंड्याचे डॉक्टर एकदा तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले, पाच-नऊ दिला, पावसाचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "घरी आता मी एकटाच ऑपरेटर आहे." कुणी काही विचारलं नाही. नेट चालवणाऱ्यांनी फक्त एवढंच केलं, त्या दिवशी त्यांना दोनदा पाळी दिली. त्यांच्या सोसायटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी काय काय येऊन पडलं असेल याची मला कल्पना आहे. मला आमची दुसरी पाळी बरी वाटते. पण कधीकधी शंकाही येते, की हा सभ्यपणा आहे की सोयीचा भित्रेपणा. डॉक्टरांना कुणीतरी विचारायला हवं होतं का?

बाई असल्याचा एक स्वतंत्र जाच आहे, तोही सांगून टाकते. वीस मीटरवर मी सीक्यू दिला की इटली, रशिया, इंडोनेशिया, सगळीकडून एकदम वीस-पंचवीस स्टेशनं तुटून पडतात. पाइल-अप म्हणतात याला. पुरुष ऑपरेटरांना त्यासाठी दुर्मीळ बेटावर जावं लागतं, मला नुसतं तोंड उघडावं लागतं. पहिल्या वर्षी मजा वाटली. मग कळलं की यातल्या बऱ्याचजणांना माझ्या अँटेनाशी काही देणंघेणं नाही. वहीत एक वायएल नोंदली की त्यांचं काम झालं. मोर्सवर असताना मात्र मी कोण, हे कुणाला कळत नाही. तिथं मी नुसती एक की आहे, माझा हात चांगला किंवा वाईट. त्यासाठी काकांचे जितके आभार मानावेत तितके थोडे.

होक्काइडोतला एक म्हातारा मला मोर्सवरच भेटला. त्याचं इंग्रजी चाळीस शब्दांचं, माझं जपानी शून्य. मी तापमान अडतीस म्हणते, तो उणे आठ म्हणतो, दोघंही उद्गारचिन्ह म्हणून डिट डिट करतो. बोलणं झाल्याची पोच म्हणून हॅम संघटनांच्या ब्यूरोमार्फत येणारं क्यूएसएल कार्ड हातात पडायला वर्षं लागतात. त्याचं पहिलं कार्ड आलं तोवर आमची चांगली ओळख झाली होती. कार्डावर बर्फानं भरलेलं अंगण आणि मधोमध टॉवर, मागं शाईपेननं लिहिलेली अक्षरं, सरळ, कोरल्यासारखी. 2024 च्या मे महिन्यात सूर्यावरून मोठं वादळ आलं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो तुम्हीही बघितले असतील. आमच्याकडे त्या शनिवार-रविवारी बँड असे झोपले की आपला सेटच गेला असं वाटावं. लोक फोटो पुढं ढकलत होते आणि मी रिकाम्या खरखरीत होक्काइडो शोधत होते. तो मिळाला पुढच्या आठवड्यात. त्यानं पाठवलं, "सूर्य वाईट. मी बरा."

हॅम म्हटलं की आमची माणसं लगेच भूकंप सांगायला लागतात. कार्यक्रम कुठलाही असो, पाहुणे आले की किल्लारी, भूज आणि त्सुनामी. मीही सांगते. किल्लारीच्या वेळी, 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. फोन बंद पडले आणि ठिकठिकाणचे हॅम सेट घेऊन तिकडे गेले. सांगलीत काका दोन दिवस खुर्चीवरून उठले नाहीत. एरवी ज्याला मनाई, ते निरोप पोचवणं अशा वेळी चालतं. मी शेजारी बसून वही भरत होते. नाव, गाव, सुखरूप. नाव, गाव, दवाखान्यात. प्रत्येक शब्द परत म्हणून खात्री करायची, आवाज चढवायचा नाही. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद, व्हीयूटूआरबीआय, पोर्ट ब्लेअरला होत्या. गेल्या होत्या त्या अंदमानातून हॅम रेडिओ चालवायला, जगभरच्या हौशींना ते दुर्मीळ ठिकाण मिळावं म्हणून. हौसेसाठी उभारलेलं ते स्टेशन बेटांवरून मुख्य भूमीशी बोलायला कामी आलं. त्या दिवसांत एका बाईचा आवाज इतक्या शांतपणे निरोप देतोय हे ऐकताना मला जो अभिमान वाटला, तो पाइल-अपमध्ये कधी वाटला नव्हता. पण तरी एक कबूल केलं पाहिजे. भूकंपासाठी म्हणून या छंदात कुणीही येत नाही. लायसन, तार, टाकी, सोसायटीची भांडणं, हे सगळं आपण मजेसाठी करतो, आणि घरच्यांना, सेक्रेटरींना, हवालदारांना पटावं म्हणून किल्लारी पुढं करतो. भारती प्रसादही मजेसाठीच गेल्या होत्या, हे मला त्या सगळ्या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं.

आकाशातल्या सेटचंही एक खूळ आहे. इस्रोनं 2005 साली हॅमसॅट सोडला होता, साडेबेचाळीस किलोचा, खास आमच्यासारख्यांसाठी. तो डोक्यावरून जायचा तेव्हा गच्चीत हातानं अँटेना फिरवत त्याच्या मागं मागं वळायचं. ऑफिसातून आलेली साडी, एका हातात ॲल्युमिनियमच्या काड्या, दुसऱ्या हातात वॉकी. समोरच्या इमारतीतली मुलं बघत असत. दहाएक मिनिटांत तो दक्षिणेकडे बुडायचा. 2014 मध्ये तो बंद पडला. आता त्याच्याहून चांगले आहेत, पण ती साडीतली धावपळ मला त्या नव्यांसाठी करवत नाही.

तर, त्या हसण्याचं. गाडीतल्या भेटीनंतरचा पहिला रविवार मोठ्या उत्सुकतेचा होता. सर नेहमीसारखे आले. पाच-नऊ दिला, मिरजेत ढगाळ हवा असल्याचं सांगितलं, गाडीतल्या भेटीचा एका वाक्यात उल्लेख केला. आवाज पुन्हा बारीक, छाटलेला. मला त्यामागचा खर्ज आता ठाऊक होता, आणि त्यांच्या मागं कुठंतरी भाजी निवडली जात होती हेही. मी माझ्या पाळीत हवामान दिलं आणि मग म्हटलं, "ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. निरगुडीच्या तेलानं आईला बराच फरक आहे." तिसऱ्या व्यक्तीला निरोप नव्हता तो. नियमात बसतं. सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी बटण थोडं लवकर दाबलं असावं, कारण मागून एका बाईचं हसू आलं, स्पष्ट, पाच-नऊ. मग सरांचा गडबडलेला 'रॉजर'. नेटवर दोन सेकंद शांतता, आणि निपाणीकरांनी विचारलं, "हे कोण हसलं?"

त्या दिवसापासून नेट जरा बिघडलाय. नाशिककर आता विनोद केला की बटण सोडायच्या आधी स्वतःच हसून घेतात, जे फारच भयंकर आहे. डॉक्टर म्हणाले की इतकी वर्षं झाली, एकदा आयबॉल करू. आयबॉल म्हणजे समोरासमोर भेट, डोळ्यांनी बघून घेणं. नृसिंहवाडी सगळ्यांना मधली पडते, दर्शन होईल, बासुंदी खाऊ. यावर दोन आठवडे चर्चा चालली आणि मला तिच्यात लोकांची भीती स्पष्ट ऐकू आली. एकानं विचारलं, कॉल साइनच्या पाट्या लावून यायचं का. एक म्हणाले, हँडसेट आणूच, म्हणजे घाटावर लांब लांब बसूनही बोलता येईल. हे ते पूर्ण गांभीर्यानं म्हणत होते. सरांच्या मिसेस येणार आहेत, एवढं पक्कं. त्यांनी सगळ्यांसाठी प्रश्न काढून ठेवलेत म्हणे.

तारीख मात्र ठरत नाही. सगळ्यांना रविवारच सोयीचा, आणि रविवारी सकाळी नेट असतो.